पोटावरची बिस्किटं

वाळूजला जाणाऱ्या शिफ्टच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक पन्नाशीचा फिटर बसायचा. सिक्स पॅकला तो बिस्किटं म्हणायचा, आणि त्यांच्यासाठी वर्षभर व्यायाम करत होता. रोज शर्ट वर करून विचारायचा, "बघा, चार आलीत ना?"

मला एकही दिसायचं नाही. मी म्हणायचो, "व्हय."

एकदा त्याचं अपेंडिक्स दुखायला लागलं, म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन ठरलं तसा तो कण्हत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, चिरा बिस्किटांच्या मधून द्या. लई मेहनतीची हायत."

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "कुठं आहेत?"

त्यानं केविलवाणं माझ्याकडं पाहिलं. मी खिशातलं पेन काढलं आणि त्या गरगरीत पोटावर सहाच्या सहा चौकोन आखून दिले.