सब्ज्याचा रुमाल

“कुनाला पुरलं इथं? कमिटीला न विचारता कुनाला पुरलं? वहीत नावच न्हाई!”

कब्रस्तान कमिटीचे म्हातारे चाचा असे ओरडले, की घोडनदीपलीकडच्या जिल्ह्यात म्हशींनी पान्हा चोरला असणार. मी पाण्याचा कॅन घेऊन समोरच उभा. पायाशी सब्ज्याची दोन रोपं. तुळशीच्या जातीचा हा सब्जा आमच्यात कबरीवर लावतात. मी नुसत्या मोकळ्या जमिनीवर लावला होता, भोवती मातीचं लांबट आळं करून.

“कुणालाच पुरलं नाही, चाचा. ती माझी जागा आहे.”

“तुझी? आरं, तू तर जिता हायस!”

“मग काय मेल्यावर उठून झाड लावू?”

“आन् मी येडा दर शुक्रवारी इथं हात वर करून दुवा मागतोय! कुनासाठी?”

“माझ्यासाठी. लागू पडली बघा. शुगर पार उतरलीय.”

चाचा हसले नाहीत. कमिटीत शिरताना माणूस हसू चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

मला मात्र खरोखर राग आला होता. माझे अब्बा फाटकाशी आहेत आणि अम्मी पार मागच्या भिंतीला. जन्मभर एका ताटात जेवलेली माणसं, आणि मधे आख्खं शिरूर झोपलेलं! शब-ए-बरातच्या रात्री अब्बांच्या कबरीपाशी फातेहा पढून अम्मीकडं निघालो, तर वाटेत एवढ्या ओळखीच्यांना सलाम करावा लागतो की पोहोचेस्तोवर अगरबत्ती विझते. का? तर वेळेवर कुणी जागा धरली नाही. माझं नि बायकोचं असं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं.

आणि जागा धरणं मला कुणी शिकवायचं? बायकोचं माहेर दौंड. दौंडची एसटी स्टँडात वळते न वळते, तोच माझा रुमाल खिडकीतून आत. एकदा रुमाल हाताशी नव्हता तर मी टोपी टाकली. एकदा, खोटं सांगत नाही, सासऱ्यांना टाकणार होतो. पण बायको कधी उभी राहिली नाही. खिडकी तिची, शेजारची जागा माझी. सासूबाईंना दौंडात माती दिली त्या दिवशीही तसेच गेलो. बायकांनी आत जायचा आमच्यात रिवाज नाही, म्हणून ती फाटकाबाहेर थांबली. परतताना सबंध वाट खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, गाडी लागली असेल.

“ही काय एसटी हाय, रुमाल टाकून जागा धरायला?” चाचांनी सब्ज्याला हात घातला. “इथं जो पयला येईल त्याची पयली जागा. नंबरानं!”

“अहो, पोरगी बघायच्या आधी लोक मंगल कार्यालय धरून ठेवतात! पाया खणायच्या आधी फ्लॅट विकले जातात! आणि मी माझ्या बायकोशेजारी सहा फूट माती मागितली, तर नंबर?”

“व्हय. नंबर.” आणि त्यांनी दोन्ही रोपं मुळासकट उपटून माझ्या हातात दिली.

मी तावातावानं घरी आलो. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगितलं; एका अनोळखी फटफटीवाल्यालाही सांगितलं, तो बिचारा पत्ता विचारत होता. बायको ओट्याशी मेथी निवडत होती. मी रोपं तिच्यासमोर आपटली आणि सगळं पहिल्यापासून ऐकवलं. चाचांचा आवाज काढून दाखवला, हातवारे केले. ती शांतपणे पानं खुडत राहिली.

मग तिनं रोपांकडं पाहिलं. “दोन कशाला?”

“एक माझं, एक तुझं. शेजारी शेजारी. उद्या परत लावतो, बघू कोण उपटतंय!”

तिनं काड्या बाजूला सारल्या.

“एकच लावा,” ती म्हणाली. “मला दौंडला उतरायचंय.”