ते अकरा जण

दर शनिवारी भरायच्या फॉर्मला पाच रकाने होते. भेट दिलेली घरं, वाटलेली पत्रकं, ज्यांच्यासोबत प्रार्थना केली ती माणसं, नव्यानं विश्वासात आलेले, आणि बाप्तिस्मे. दोन वर्षं, म्हणजे एकशे चार आठवडे, मी हा फॉर्म भरला. पहिल्या तीन रकान्यांत काही ना काही आकडा असायचा. चौथ्यात आणि पाचव्यात मी एकशे चारही वेळा शून्य लिहिलं. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या घरात आणि माझ्या चर्चमध्ये आजही वेगळाच आकडा चालतो.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. आता पन्नाशीला टेकलोय. मनीषनगरमध्ये राहतो आणि एका शाळेत गणित शिकवतो. नागपूरच्या आमच्या मंडळीनं मला मिशनरी म्हणून आफ्रिकेत मलावीला पाठवलं होतं. जायच्या आधीच्या रविवारी पाळकसाहेबांनी आणि कमिटीच्या सहा जणांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. वडील तिसऱ्या बाकावर बसले होते. ते धंतोलीतल्या एका दवाखान्यात ड्रेसर होते, जखमांच्या पट्ट्या बदलायचे. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली होती. नोकरीच्या चौतीस वर्षांत त्यांनी अशा रजा फार थोड्या घेतल्या.

मला दिलेलं गाव तालुक्याच्या ठिकाणापासून चौदा किलोमीटरवर होतं. एका म्हाताऱ्याच्या घरी दहा बाय बाराची खोली होती. सकाळी वीस लिटरच्या कॅनच्या दोन खेपा करून बोअरवेलवरून पाणी आणायचं. मग मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, सोबत पालेभाजी किंवा तळ्यातली सुकवलेली बारीक मासळी. आठ वाजता सायकल काढायची, पिशवीत पन्नास पत्रकं, आणि लाल मातीच्या रस्त्यानं घरोघर. मला तीन वेळा मलेरिया झाला. तिथली भाषा मोडकीतोडकी बोलायला आठ महिने लागले. त्या भागात भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, म्हणून मी अंगणात सायकल टेकवली की लोक आधी सिमेंटचा भाव विचारायचे. मी पत्रक पुढे केलं की पोरं त्याचे कागदी पंखे करायची.

हे सगळं मी आनंदानं सोसलं असतं. अडचण वेगळीच होती. ते गाव आधीपासूनच ख्रिस्ती होतं. नुसतं नावाला नाही. माझ्या यजमानाच्या आजोबांचा बाप्तिस्मा झालेला होता. आमच्याकडे माझ्या आजोबांचा झाला, आणि हा म्हातारा माझ्या आजोबांच्याच वयाचा, म्हणजे पिढीच्या हिशोबानं ते आमच्या दोन पायऱ्या पुढे. भाजलेल्या विटांचं, पत्र्याच्या छपराचं चर्च होतं आणि दर रविवारी त्यात दोनशेच्या वर माणसं. वाद्य एकही नाही, तरी चार सुरांत गायची. आमच्या चर्चमध्ये हार्मोनियम आणि माईक असूनही एक सूर जुळत नाही.

दुसऱ्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं मला मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुझ्या देशात आपले लोक किती?"

"शंभरात दोन-तीन," मी सांगितलं.

त्यानं हातातला घास थाळीत ठेवला. "मग तू इकडे काय करतोस?"

त्या रविवारी त्यानं चर्चमध्ये उभं राहून माझ्या देशासाठी प्रार्थना करायला सांगितलं. दोनशे माणसं माझ्यासाठी गुडघ्यांवर गेली. फॉर्ममध्ये हे कुठं लिहायचं ते मला कळलं नाही.

मी नागपूरला कमिटीला लिहिलं की मला दुसऱ्या कामाला लावा, इथं सुवार्तिकाची गरज नाही. उत्तर आलं की धीर धरावा, पेरलेलं लगेच उगवत नाही.

पाचव्या महिन्यात मी शनिवारी संध्याकाळी ओट्यावर बायबलवाचन सुरू केलं. पहिले तीन शनिवार मी एकटाच बसलो. चौथ्या शनिवारी अकरा जण आले. म्हातारा, त्याची बायको आणि सून, गायनातल्या चार बायका, एक शिंपी, सायकलवर प्रवासी नेणारे दोघं भाऊ, आणि शाळेतली एक शिक्षिका. मला फार बरं वाटलं. नंतर सुनेनं सांगितलं की सासऱ्यानं घरोघर जाऊन निरोप दिला होता, पाहुणा उदास झालाय, थोडा वेळ येऊन बसा.

दर महिन्याला तालुक्याला जाऊन सायबर कॅफेतून मला नागपूरला प्रार्थनापत्र पाठवावं लागे. कमिटीचे सेक्रेटरी ते छापून घेत आणि ते चर्चमध्ये वाचलं जाई. त्या महिन्यात मी लिहिलं, "शनिवारच्या प्रार्थनेला अकरा जण आले. हे सगळे आधीपासूनचेच ख्रिस्ती आहेत आणि विश्वासात माझ्याहून पक्के आहेत."

चार महिन्यांनी घरून पार्सल आलं. आईनं पाठवलेला चिवडा, वडिलांचं पत्र आणि छापील प्रार्थनापत्र. त्यात माझा फोटो होता आणि खाली जाड अक्षरात ओळ, "अकरा जण प्रभूकडे आले." माझं दुसरं वाक्य कापलेलं होतं. वडिलांनी लिहिलं होतं की चर्चमध्ये हे वाचलं तेव्हा लोक उभे राहिले, आणि आपण आता रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्या अकरांसाठी मागतो.

मी त्याच दिवशी सायकल मारत तालुक्याला गेलो आणि सेक्रेटरींना ईमेल लिहिला. त्यांचं उत्तर चार ओळींचं होतं. जागेअभावी मजकूर कमी करावा लागतो. नम्रता चांगली, पण मंडळीचा उत्साह मोडू नये. वडिलांना मात्र मी लिहिलं नाही. वाटलं, एवढं पत्रात नको, समोर बसून सांगू. माझी चूक ती.

महिन्यातून एकदा मी बूथवरून घरी फोन करायचो. तीन मिनिटं. आवाज घुमून परत यायचा. वडील नेहमी शेवटी विचारायचे, "ते अकरा कसे हायेत गा?"

"बरे आहेत, बाबा."

हे खरं होतं. म्हातारा बरा होता, शिंपी बरा होता, गायनातल्या बायका बऱ्या होत्या. मी खोटं बोललो नाही, असं मी प्रत्येक वेळी रिसीव्हर ठेवताना स्वतःला सांगायचो. असे पंधरा फोन झाले.

परत आलो तेव्हा कळलं की हा आकडा घरात कुठवर पोचला होता. वडील दवाखान्यात पट्टी बदलता बदलता पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचे. काटोलच्या एका शेतकऱ्याचा पाय बरा झाला, तर जाताना तो संत्र्यांची थैली ठेवून गेला. वडिलांनी त्यातली अकरा निवडून संडे स्कूलच्या अकरा पोरांना त्या अकरांच्या नावानं दिली. उरलेली घरी आणली. आईनं हे मला हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही.

आठव्या दिवशी जेवणाआधी वडिलांनी आपलं बायबल माझ्यासमोर ठेवलं. शेवटच्या कोऱ्या पानावर पट्टीनं पेन्सिलच्या अकरा रेघा मारलेल्या होत्या, समोर एक ते अकरा आकडे.

"नावं सांग," ते म्हणाले. "नुसतं अकरा-अकरा म्हणून मागतो मी. देवाले ठाऊक असंन, पण मले बी ठाऊक पाहिजे ना."

मी सांगितलं. "बाबा, ते पहिलेपासूनच ख्रिस्ती होते. त्याइचे आजे बी होते. मी कोणाले आणलं नाही."

"मंग छापलं काहून?"

"मी लिवलं होतं बरोबर. कमिटीनं अर्धं कापलं."

"पाळकसाहेबानं सगळ्या मंडळीसमोर वाचलं गा ते."

"त्यांच्या हातात जे आलं ते त्यांनी वाचलं."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अन् तू फोनवर बरे हायेत म्हणे, ते?"

"बरेच होते, बाबा."

"म्हंजे हायेत ते."

"हायेत. पण मी..."

"तू खोटं बोलत नाही. लहानपणापासून पाहून राहिलो मी तुले. दोन मार्क जास्त भेटले तर मास्तराले वापस द्यायले गेला होता तू." ते खरं होतं, सहावीत. "अकरा हायेत, बरे हायेत, अन् तू नावं सांगून नाही राहिला. काहून?"

"नावं सांगितली तर तुम्ही म्हणाल, मी आणले."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "जेवू द्या ना त्याले पहिले. आठ दिवस झाले पोरगा येऊन, अन् उलटतपासणी लावली."

"तू थांब वं," वडील म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. मग हळू आवाजात विचारलं, "भांडण झालं काय त्याइच्याशी?"

"नाही."

"मंग सोडून आला तू त्याइले. वापस यायचं होतं, आला. आता नाव घ्यायची लाज वाटून राहिली."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तारखा सांगितल्या, फॉर्मच्या प्रती काढून दाखवल्या, चौथ्या रकान्यातली शून्यं दाखवली. त्यांनी फॉर्म एकेक करून पाहिले, पट्टी बदलताना जखम पाहायचे तसे, आणि सगळे नीट एकावर एक रचून परत दिले. "आपल्या हातानं शून्य लिवलं त्याइच्या नावापुढं," एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मला चर्चमध्ये साक्ष द्यायला दहा मिनिटं मिळाली. मी सहा मिनिटांत सगळं खरं सांगितलं. बाहेर आल्यावर लोकांनी माझे हात हातात घेतले. एक मावशी म्हणाल्या, "किती नम्र झालास रे बाबू." सेक्रेटरी, जे स्वभावानं वाईट माणूस नव्हते, त्यांनी मला घरी नेऊन चहा पाजला. "आकडा सांगितला नाही तर लोक प्रार्थना करत नाहीत," ते म्हणाले. "अन् प्रार्थना तर झाली ना? त्यात काय बिघडलं?" पुढच्या वर्षी कमिटीनं आणखी दोन पोरं पाठवली. तोच फॉर्म, तेच पाच रकाने. त्यांची प्रार्थनापत्रं माझ्यापेक्षा पुष्कळ चांगली निघाली.

सगळ्या मंडळीत एकट्या वडिलांनी माझ्या बोलण्याला नम्रता म्हटलं नाही. ते मला पक्कं ओळखत होते, आणि म्हणूनच त्यांची समजूत कोणी काढू शकलं नाही. त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही. माझं लग्न केलं, माझ्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरवलं. पण मिशनरी काळाबद्दल पुन्हा एक प्रश्न विचारला नाही, आणि चर्चमधलं कोणी विचारू लागलं तर उठून चप्पल शोधायला लागायचे. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांचं वाक्य मात्र बदललं. आधी ते म्हणत, माझ्या पोरानं आणलेले अकरा. नंतर म्हणायला लागले, ते अकरा, ज्याइले आता कोणी नाही.

त्यांची किडनी गेली तेव्हा ते ज्या दवाखान्यात नोकरीला होते तिथंच भरती होते. एकोणीस दिवस. शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसायचो, आणि रोज ठरवायचो की आज नावं सांगतो. अकराही नावं मला पाठ होती. ती सांगण्यात खोटं काही नव्हतं. माणसं खरी होती, ओट्यावर खरोखर आली होती, मला उदास पाहून आली होती. वडिलांनी फक्त नावं मागितली होती. तू आणले म्हणून सांग, असं ते म्हणाले नव्हते. ते मीच जोडलं होतं. पण मला वाटायचं, मरणाच्या दारातल्या माणसाची चुकीची समजूत मी पक्की करून देईन. सतराव्या दिवशी मी म्हणालो, "बाबा, त्या शनिवारी पहिला आला तो म्हातारा..." त्यांनी हातानं थांबवलं. "राहू दे. आता काहून," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांच्या आयुष्याबद्दल सांगितलं. हे पाळक नवे होते, त्यांनी जुनी कागदपत्रं वाचून तयारी केली होती. ते म्हणाले, यांच्या घरातून अकरा जण प्रभूकडे आले. मी पहिल्या रांगेत होतो. दोन मार्क परत करायला गेलेला मी, तिथं दुरुस्ती करायला पुढं झालो नाही.

वडिलांचं बायबल आता आमच्या दिवाणखान्यात आहे. शेवटच्या पानावरच्या रेघा फिकट झाल्यात, पण मोजता येतात. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला आताशा पुष्कळ गोष्टी आठवत नाहीत, दोन नातवंडांची नावं उलटसुलट होतात. वडिलांची प्रार्थना मात्र तिला आठवते, फक्त शेवट ती आपल्या शब्दांत करते. साडेसातला आम्ही पाच जण बसतो. आजार, परीक्षा, पाऊसपाणी झालं की ती डोळे मिटून म्हणते, "अन् प्रभू, ते अकरा, ज्याइले माझ्या पोरानं सोडलं, त्याइले तू नको सोडू."

एकदा मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, आजी काय म्हणते ते? कोणाला सोडलं तुम्ही?"

मी तिला सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तिनं ऐकून घेतलं. "मग आजीला सांगत का नाही?"

"सांगितलंय."

"आणि नावं? ती तुम्ही का लिहीत नाही त्या पानावर?"

मी म्हणालो, बघू. याला आता चार वर्षं झाली. पेन्सिल बायबलच्या शेजारीच असते. रोज आईचं वाक्य संपतं, सगळे आमेन म्हणतात, आणि मीही म्हणतो.