सव्वापाच रुपयांचा आहेर

मला एका जागी बसवत नाही. लहानपणापासूनची खोड आहे. अजूनही कीर्तनाला गेले तर दोनदा उठून पाणी पिऊन येते. त्यामुळे माझ्या लग्नाचा दिवस मला आठवतो तो नवऱ्यामुळे नाही, बसून बसून पायाला आलेल्या मुंग्यांमुळे. अंगावर जाड लुगडं, कपाळाला करकचून बांधलेल्या मुंडावळ्या, वैशाखातला उकाडा, आणि दोन्ही बाजूंना दोन करवल्या. मी उठू नये म्हणून राखणीला बसवल्यासारख्या. अक्षता पडल्या होत्या. आता आहेर, मग पंगती, मग पाठवणी. आटपा एकदाचं, एवढंच माझ्या मनात होतं.

आमचं गाव मुळशीच्या धरणाच्या अंगाला. वडील मी लहान असतानाच गेले. थोरल्या चुलत्यांनी मला वाढवलं, सातवीपर्यंत शिकवलं आणि माण गावची सोयरीकही त्यांनीच पाहिली. त्यांना मी आबा म्हणत असे. माणूस तापट आणि ताठ. आमच्या दोघांचं तेवढं एक अगदी सारखं होतं, त्यामुळे रोज एकदा तरी वाजायचंच. गावात कुणाचंही लग्न असो, आहेर लिहायला आबाच. अक्षर असं की लोक वाचता येत नसलं तरी वाकून बघायचे.

नवे पैसे निघून वर्ष झालं होतं. त्याआधी रुपयाचे सोळा आणे. लिहिताना रुपयांपुढे एक आडवी रेघ मारायची आणि तिच्यापुढे आणे लिहायचे, की झालं. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पण बाजारात जुनी-नवी नाणी एकत्रच फिरत होती आणि लोकांच्या तोंडी आणेच होते. लग्नाच्या महिनाभर आधी आबा पौडाला, तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथल्या कारकुनानं रुपयांपुढे रेघ न मारता टिंब दिलेलं त्यांनी पाहिलं. घरी आल्यावर म्हणाले, "सरकारनं रेघ काढून टाकली बग. आता टिंब द्यायचं." आणि कोऱ्या कागदावर टिंबं देऊन देऊन त्यांनी हात बसवला. मी तेव्हा पापड लाटत होते. टिंबाच्या पुढे काय लिहायचं हे त्यांना ठाऊक असणार, असं मी धरून चालले.

आमच्याकडे आहेर आधी लिहून घ्यायचा आणि मग भर मांडवात त्याचा पुकारा करायचा. मानाचं नाव पहिलं. त्या दिवशी मान नवऱ्याच्या मामांचा, कारण सोयरीक त्यांनी जुळवलेली. त्यांनी पाच रुपयांची नोट आणि वर पावली, म्हणजे चार आण्यांचं नाणं, ताटात ठेवली होती. सव्वापाच रुपये म्हणजे त्या काळी भारी आहेर. पुकारा करायला गावातलाच एक तरुण उभा होता. पुण्याला कारखान्यात लागलेला, आवाज खणखणीत, आणि नवे पैसे कोळून प्यायल्याची घमेंड. त्यानं कागद हातात घेतला आणि मामांचं नाव घेऊन गर्जना केली, "पाच रुपये, चार नवे पैसे!"

मांडवात आधी कुणाला कळलंच नाही. मग मागून कुणीतरी खुसखुसलं. मामा उठून उभे राहिले.

"चार पैसं? आमी भीक घालाय आलूया व्हय हितं?"

"कागदावर चारच हायेत," पुकारा करणारा म्हणाला.

"मी पावली ठिवलीया नोटंवर! एकवीस पैसं कुनी गिळलं मंग?"

आता हे आबांवर आलं. आहेराच्या ताटाशी तेच बसले होते. ते लालबुंद झाले. "कुनी गिळंल? तुमी चार दिलं, मी चार लिवलं!"

"चार न्हाई, पावली!"

"मंग चारच की!"

दोघेही चारावर अडून बसले आणि दोघांचाही आवाज चढत गेला. एकाला पैसे म्हणायचे होते, दुसऱ्याला आणे, आणि मधे कुणी पडेना. शेवटी मामांनी उपरणं झटकलं आणि आपल्या माणसांना हाक दिली, "बैलं जुपा रं. आन पोरगी ऱ्हाऊ द्या हितंच. ज्या घरात पाव्हन्याची पावली जिरती, तितली पोर आमाला नगं."

अक्षता पडून गेलेली मुलगी मांडवात टाकून वऱ्हाड परत गेलं तर पुढे तिचं काय होतं, हे मी शेजारच्या वाडीत पाहिलं होतं. ती बाई अजून भावाकडे भांडी घासत होती. पण मला दुसरंही दिसत होतं, आणि त्यानं मी जास्त तळमळत होते. घोटाळा काय झालाय, हे मला एका क्षणात कळलं होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी, नवे पैसे येणार म्हणून, मास्तरांनी आमच्याकडून घोटून घेतलं होतं की टिंबानंतर दोन घरं, एक कमी नाही आणि एक जास्त नाही. पावलीचे पंचवीस. चारच पैसे असतील तर आधी पूज्य, म्हणजे शून्य, आणि मग चार. आबांनी नुसती रेघ पुसून टिंब दिलं होतं आणि पुढे आणेच ठेवले होते. हे आता सांगायचं म्हणजे सगळ्या पंचक्रोशीसमोर म्हणायचं की आबांना लिहिता येत नाही. ज्यांनी मला पाटी घेऊन दिली त्यांनाच.

गप्प बसावं, त्यांचं त्यांनाच उमगेल, असं मी दोनदा मनाला सांगितलं. बाहेर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला. मी उठले. एका करवलीनं पदर ओढला, तो मी हिसडून सोडवून घेतला.

"मामा, तुमची पावली कुनी घेतली न्हाई," मी म्हणाले. "आबांनी चार आनं लिवल्यात. टिंबाफुडं आता आनं लिवत न्हाईत, नवं पैसं लिवत्यात. तितं पंचवीस पायजे हुतं. आन खरंच चार पैसं असतं, तर चाराच्या आदी पूज्य आलं असतं. सगळा कागद बगा आन ताट बगा."

नवरी बोलली म्हणून बायकांनी तोंडाला पदर लावले. पण पुकारा करणाऱ्यानं कागद पाहिला. खाली सगळीकडे टिंबापुढे चार नाहीतर आठ, दुसरं काही नाही. ताटात नोटांखेरीज पावल्या आणि आठ आण्यांच्या अधेल्याच होत्या, सुटे चार पैसे एकाचेही नव्हते. मामांना आपली चूक अशी पटली की ते एकदम हसायला लागले. हसत हसतच म्हणाले, "आरं तिच्या! मंग लिवनाऱ्यालाच लिवाय येत न्हाई म्हना की!"

आणि मांडव हसला. वऱ्हाडी हसले, आमच्या गावचे हसले, आचारी हातात झारा घेऊन बाहेर आला आणि तोही हसला. बैल सोडले गेले, पंगती बसल्या. आबांनी टाक पुसला, दौतीला बूच लावलं आणि बैलांना वैरण टाकायला म्हणून ते मागच्या दारानं गेले. पाठवणीच्या वेळी मी गाडीत उभी राहून पाहत होते. सगळं घर वेशीपर्यंत आलं. आबा आले नाहीत.

माणला पोचेपर्यंत मी आसवं गाळली नाहीत, दात ओठ खात बसले. माझं काय चुकलं होतं? मी बोलले नसते तर चोरीचा आळ त्यांच्यावरच राहिला असता. पण रात्री नव्या घरात डोळे मिटले की तो हसणारा मांडव समोर यायचा आणि मी उठून बसायची. सासरी माणसं चांगली होती. मामा येता-जाता कौतुक करायचे आणि त्या कौतुकानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पहिल्या परतणीला माहेराहून कुणीतरी न्यायला यायचं असतं. मी सारखी उंबऱ्यात. पाणी आणायला गेले तरी रस्त्याकडे नजर. कुणी आलंच नाही तर? किंवा आबा न येता त्यांनी धाकट्या चुलतभावाला पाठवलं, तर? मग माझं माहेर संपलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आबा स्वतः आले. सासऱ्यांशी पावसापाण्याचं बोलले, जेवले. माझ्याशी अक्षर नाही. पौडापर्यंत आम्ही गाडीनं आलो आणि पुढे पायी निघालो. ते पुढे, मी मागे. माझ्या नव्या बांगड्या वाजत होत्या, तेवढाच आवाज. शेवटी मला राहवेना. मी मोठ्यानं म्हणाले, "आबा, बोला तरी काय त्ये! शिव्या द्या!"

ते थांबले. रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, काटकी उचलली आणि फुफाट्यात लिहिलं, ५.४.

"ह्ये माजं," ते म्हणाले. "आता तुजं दाव."

मी त्यांच्याशेजारी बसले. खाली ५.२५ लिहिलं.

"आन खरंच चार पैसं असतं तर?"

मी ५.०४ लिहिलं. त्यांनी काटकीनं पूज्याला टोचलं. "ह्येच्यात तर काय न्हाई. मंग ह्यो मदी कशाला?"

"त्या घरात कुनी नसलं तरी त्येची जागा मोडायची न्हाई, आबा. न्हाईतर फुडचं सरकून तितं येऊन बसतं, आन सगळाच घोटाळा."

"म्हंजी मानूस गावाला गेलं तरी त्येचं ताट मांडायचं."

"व्हय. तसंच."

"त्ये मला कळतंय," आबा म्हणाले. माझ्याकडे न बघताच म्हणाले. "तू गेल्यापास्नं तुजी चुलती तुजं ताट उचलून ठिवतीया, आन मी परत मांडाय लावतुया."

तेव्हा मात्र मी रडले. सासरी जाताना रडले नव्हते ते सगळं तिथे रस्त्यात बसून, मोठ्यानं. पौडाकडे जाणारा एक गाडीवान थांबून बघायला लागला. आबांनी त्याला हातानंच पुढे घालवलं आणि काटकी माझ्या हातात दिली.

"रडू नगं. फुडल्या आहेराला मला लागंल. सव्वाअकरा कसं लिवायचं, त्ये लिव."

मला डोळ्यांपुढचं दिसत नव्हतं. मी लिहिलं.