मिनानं सांगितलेलं पान

मिना आणि मी आखाडा बाळापूरच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो. दुसऱ्या वर्षाला तिचं लग्न झालं आणि ती बंजाऱ्यांच्या तांड्यावर सासरी गेली. मी मराठीत एम.ए. केलं.

आता ती बऱ्या न होणाऱ्या रोग्यांच्या घरी जाते. एका संस्थेनं तिला शिकवलं आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस कशी बदलायची, कोरडं तोंड ओल्या कापडानं कसं पुसायचं, हे ती घरच्यांना करून दाखवते. जखमेत हळद भरू नका, असं हळदीच्या मुलखात सांगते आणि बोलणी खाते.

कुरुंद्याचे किशनराव तिच्यावर भडकले होते. "आमची हळद साऱ्या देशात जाती, अन् आमच्याच आईला लावायची न्हाई व्हय?"

"घाला की. भाजीत."

संस्थेला घरोघरी दाखवायच्या फ्लिपचार्टची नवी पानं हवी होती. चित्रं झाली होती. मजकूर लिहायला मिनानं मला तांड्यावर बोलावलं. ती आधी मला रूपाबाईंकडे घेऊन गेली.

रूपाबाईंना पोटाचा कॅन्सर. नवरा केव्हाच गेलेला. थोरले दीर धनसिंग दिवसभर दारात बाज टाकून बसायचे. कोंबड्या हाकलायचे, पाण्याचा तांब्या आत सरकवायचे. संस्थेच्या नर्सताई आल्या की रूपाबाईंच्या वतीनं तेच बोलायचे.

"न्हाई तकलीफ तिला. सकाळपासून इथंच बसून राहिलो मी. आवाज न्हाई की काही न्हाई."

मिनाजवळ दुखणं दाखवायची चेहऱ्यांची पट्टी होती. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडका. पण रूपाबाईंचा पदर हनुवटीपर्यंत ओढलेला असायचा. त्या पट्टीकडे बघायच्याच नाहीत. त्यामुळे मॉर्फिनची गोळी होती तेवढीच राहिली.

"मंगळवारी म्हातारा बाजाराला गेला," मिना मला वाटेत म्हणाली होती. "मी आले तर याडी गुरासारखी ओरडून राहिलती. तो परतला तसा तिनं पदर तोंडात कोंबला." याडी म्हणजे आई; रूपाबाईंना ती तसंच म्हणते.

थोरल्या दिरासमोर तिथली जुनी बाई तोंड उघडं टाकत नाही, आवाज काढत नाही. रूपाबाई लग्न झाल्यापासून त्यांच्यासमोर बोलल्या नव्हत्या. आणि ते भावजयीच्या काळजीनं दारातून हलत नव्हते.

"मग सांग ना त्यांना."

"मी बी सूनच हाव इथली. मी कशी बोलू?"

"मी सांगते."

"परक्या पोरीनं तोंडावर सांगितलं तर म्हातारा खचून जाईल. तू फक्त लिही."

आम्ही ओट्यावर बसलो. मिनानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, धनसिंगांकडे पाठ केली आणि मोठ्यानं सांगू लागली.

"राणी, हे पान घे. घरातलं थोरलं माणूस जवळ बसलं की बाई कण्हत न्हाई. तिला लाज वाटती. त्या माणसाची चूक न्हाई. पण तिला कण्हता यावं म्हणून त्यानं थोडा वेळ लांब बसावं. लिहिलं?"

मी लिहिलं नव्हतं. मी धनसिंगांकडे बघत होते.

"लिही की गं! एम.ए. झालीस ना?"

मागे बाज करकरली. धनसिंग उठले, काठी घेतली आणि गोठ्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले. आमच्याकडे पाठ करून.

 मग आतून आवाज आला. मला तो माणसाचा वाटला नाही.

मिना पट्टी घेऊन आत गेली. मी दारातून पाहिलं. रूपाबाईंनी पदर मागे सारला होता. बोट शेवटच्या चेहऱ्यावर होतं आणि त्या ते उचलत नव्हत्या.

मिनानं तिथूनच नर्सताईंना फोन लावला. "ताई, गोळी वाढवावी लागंल. आजच या."

मी लिंबाखाली पाणी घेऊन गेले. धनसिंगांनी तांब्या हातात घेतला, प्याले नाहीत.

"बोलून राहिली का?"

"व्हय, बाबा."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"माझी बाज इकडं आणाया सांग कोणाला तरी," ते म्हणाले.