गुराब आणि काकांचे डोळे

उज्जैनच्या टावर चौकाजवळच्या एका ऑफिसात मी फ्लॅटची थ्री-डी चित्रं काढते. ज्या इमारतीचा पायासुद्धा खोदलेला नाही, तिच्यातला सोफा, ओटा, खिडकीतून येणारं ऊन हे सगळं गिऱ्हाइकाला कंप्युटरवर फिरवून दाखवायचं, हे माझं काम. कित्येक वर्षं तेच करते आहे. मधे त्याचा फार कंटाळा आला आणि मी इंटरनेटवरच्या एका गटात सामील झाले. ठिकठिकाणची हौशी माणसं मिळून शिडांच्या जहाजांचा एक सिम्युलेटर बनवत होती. कंप्युटरपुढे बसून जुनं जहाज चालवायचं. वारा, लाटा, शिडं, दोर, सगळं खऱ्यासारखं वागणार. त्यांच्याकडे इंग्रजांची, फ्रेंचांची, डचांची जहाजं होती. मराठा आरमाराचं एकही नव्हतं. मी लिहून टाकलं, 'मी करते.'

तोवर मी समुद्र दोनदाच पाहिला होता, तोही सहलीत. आमचे पूर्वज दरबारी कारकून म्हणून माळव्यात आले आणि इथलेच होऊन गेले. 'नाव' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे क्षिप्रेतली नाव येते.

मी गुराब निवडली. दोन डोलकाठ्यांचं, उथळ बुडाचं लढाऊ जहाज. पुढे चोचीसारखी लांब निघालेली नाळ, म्हणजे जहाजाचं नाक, आणि तिच्यावरून समोर डागायच्या दोन तोफा. काही जुनी चित्रं आणि एका प्रतिकृतीचे फोटो एवढ्या भांडवलावर मी सांगाडा उभा केला. फळीन् फळी वेगळी काढली, खिळ्यांच्या माथ्यांसकट. दिसायला देखणी झाली. पण सिम्युलेटरच्या पाण्यात सोडली की समोरच्या पहिल्याच लाटेला नाक खाली घालून बसायची, ती वर यायचीच नाही.

हे रडगाणं मी आमच्या माधव नगरातल्या एका मैत्रिणीजवळ गायले. ती शाळेत शिकवते, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, मी तिला ताईच म्हणते. ती म्हणाली, "अगं, बाबा लहानपणी जहाजावर होते. त्यांनाच विचार ना. घरात बसून बोर होतात, खूश होऊन जातील."

ताईचे बाबा म्हणजे काका. मूळचे कोकणातले. सोळाव्या वर्षी मामाच्या शिडाच्या गलबतावर चढले आणि तीन वर्षं किनाऱ्याकिनाऱ्याने कौलं वाहत हिंडले. मग रेल्वेत लागले, बदली होत होत उज्जैनला आले आणि राहिले. काकू गेल्यापासून ताईकडे असत. शनिवारी दुपारी ते स्वतःच चालत माझ्या घरी आले. पडद्यावरची गुराब त्यांनी बराच वेळ न्याहाळली आणि नाळेवर बोट ठेवलं.

"हा कठडा कोणी घातला गो?"

"मी. माणसं पडू नयेत म्हणून."

"आणि वर चढलेलं पाणी जाणार कुठून?"

मी कठडा काढला. लाट नाळेवर चढली, दोन्ही बाजूंनी ओघळून गेली आणि गुराब नाक वर करून उभी राहिली. काकांनी टाळी वाजवली. मी तर खुर्चीतून उठून नाचलेच.

त्या दिवसापासून दर शनिवार-रविवार दुपारी ते यायचे. त्यांनी लढाऊ जहाज कधी पाहिलं नव्हतं, तोफेचं त्यांना काही कळत नव्हतं. पण दोराचा ताण कुठे येतो, वाळलेलं शीड आणि भिजलेलं शीड यांत काय फरक, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. माझ्या जेवणाच्या टेबलाला उलटा झाडू बांधून त्यांनी डोलकाठी केली, जुन्या ओढणीचं शीड केलं आणि सुतळीच्या गाठी मारून मला सगळं करून दाखवलं. सर्वांत अवघड होतं ते शीड पालटणं. वारा दुसऱ्या बाजूने घ्यायचा झाला की शिडाची ती लांबलचक तिरकी काठी डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावी लागते. कोणता दोर आधी सोडायचा, कोणता धरून ठेवायचा, हे कुठल्याच चित्रात सापडत नव्हतं. ते फक्त काकांकडे होतं.

तीन महिने झाले असतील. एका रविवारी मी चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला. तो त्यांना दिसला नाही. कोपर लागून चहा सांडला. "म्हातारा झालो," ते हसले. पुढच्या आठवड्यात दाराच्या चौकटीवर त्यांचा खांदा आपटला. मग मी माउसचा बाण पडद्याच्या कडेला नेला की ते विचारू लागले, "कुठे गेला?" मधोमध आणला की लगेच म्हणायचे, "हां, आला."

मला कळलं होतं. लक्षात आलं नाही असं मला म्हणताच येत नाही, कारण माझ्या सासऱ्यांचं नेमकं असंच झालं होतं. काचबिंदू. इकडे हिंदीत काला मोतिया म्हणतात. तो कडेकडेनं नजर खात येतो आणि माणसाला समोरचं नीट दिसत राहतं, म्हणून त्याचं त्यालाही उमगत नाही. सासऱ्यांना डॉक्टरकडे मीच न्यायची. वेळेत औषध सुरू केलं तर उरलेली नजर टिकते, हे मी डॉक्टरांच्या तोंडून दहा वेळा ऐकलेलं होतं.

मी म्हटलं, "काका, एकदा डोळे दाखवून या ना. ताईला सांगू का मी?"

ते एकदम गंभीर झाले. "नको बाय. तिला बोलू नको. ती मला इंदूरला नेईल, ऑपरेशन म्हणेल, घरी बसवेल. मग इथे येणं बंद. हे जहाज पाण्यात जाऊ दे, मग मी आपणहून सांगतो तिला."

मी म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'मध्ये त्यांच्या इच्छेचा मान ठेवण्याचा भाग किती होता? थोडा असेल. खरं हे आहे की शिडं राहिली होती. सिम्युलेटरची नवी आवृत्ती निघायची होती, गटातले लोक रोज विचारत होते आणि मला गुराब तिच्यात हवी होती. काका नसते आले तर माझं काम अडलं असतं. मी दुसऱ्या दिवशी काय केलं तर ऑफिसातला मोठा मॉनिटर मागून घरी आणला. काकांना बरं दिसावं म्हणून, असं स्वतःला सांगितलं. चहाचा कप मी त्यांच्या थेट हातात द्यायला लागले. दाराजवळचं स्टूल हलवलं. त्यांची नजर जात होती आणि मी घरातलं सामान सरकवून ती झाकत होते.

यात चार महिने गेले. मधे ताई दोन-तीनदा रस्त्यात भेटली. एकदा टावर चौकात पोहे खाताना म्हणाली, "बाबा आजकाल पायऱ्यांवर अडखळतात गं. गुडघे गेले वाटतं." मी म्हणाले, "वय झालं ना." हे वाक्य मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं.

शीड पालटलं. एका शनिवारी गुराब वाऱ्याला वळली, काठी डोलकाठीपुढून फिरली, शीड क्षणभर फडफडलं आणि दुसऱ्या बाजूने गच्च भरलं. काका पडद्याला नाक लावून बघत होते. "आता फक्त दोरांची जाडी," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी संपवू."

मधल्या बुधवारी ते बँकेच्या कामाला देवास गेटकडे गेले होते. रस्ता ओलांडताना बाजूने आलेली ई-रिक्षा त्यांना दिसलीच नाही. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. रिक्षावाला भला माणूस, त्यानेच त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि ताईला पुन्हा पुन्हा सांगत राहिला, "दीदी, मैं हॉर्न पे हॉर्न दे रहा था, बाबूजी ने इधर देखा ही नहीं." त्यावरून तिथल्या डॉक्टरांना शंका आली. पुढे इंदूरला तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांचा काचबिंदू. डाव्याची नजर बहुतेक गेलेली, उजव्याला मधला तुकडा शिल्लक. गेलं ते परत येणार नाही. चार-पाच महिने आधी आले असते तर बरंच राहिलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

हे मला सांगायला ताई स्वतः घरी आली. माझ्या त्याच टेबलाशी बसून रडली. "एका घरात राहून माझ्या लक्षात आलं नाही. कशी मुलगी मी? तू होतीस म्हणून निदान त्यांचे शनिवार-रविवार आनंदात गेले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चहा केला.

गुराब ठरल्या वेळी प्रसिद्ध झाली. लोकांनी तिची शिडं वाखाणली, कुणी तरी लिहिलं की एवढं खरं शीड पालटणं आजवर पाहिलं नव्हतं. बनवणाऱ्यांच्या यादीत मी काकांचं नाव माझ्या वर घातलं. त्याने बरं वाटेल असं वाटलं होतं. उलट लाचेसारखं वाटलं. ते नाव त्यांना एकेक अक्षर शोधत वाचावं लागणार होतं.

तीन आठवडे मी कसेबसे काढले. ताई रोज फोन करून माझ्याजवळच मन मोकळं करायची, स्वतःला बोल लावायची, आणि मी ऐकून घ्यायची. ते असह्य झालं. एका संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. ती कणीक मळत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं की मला माहीत होतं, केव्हापासून माहीत होतं आणि मी गप्प बसले.

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला, "तिला नको म्हणून मीच सांगितलं होतं."

"तुम्ही गप्प बसा, बाबा." ताईने माझ्यावरची नजर हलवली नाही. "ते म्हातारे आहेत, घाबरले. समजू शकते मी. तू का नाही बोललीस?"

बरीच उत्तरं जवळ होती. मी त्यातलं खरं दिलं. "माझं काम राहिलं होतं."

तिने हाताची कणीक काढली, हळूहळू, एकेका बोटाची. मग म्हणाली, "सांगितलंस ते ठीक केलंस. आता जा तू."

दोन महिने तिचा फोन नाही, माझाही नाही. गल्लीत समोरून आली की ती स्कूटीचा वेग कमी करायची नाही. सिम्युलेटर मी उघडलाच नाही. गटातल्या लोकांनी पुढचं जहाज विचारलं, मी नाही म्हणून कळवलं.

मग एका सकाळी तिचा फोन आला. आवाज कोरडा. "काल कळलं, बाबा दुपारचे थेंब स्वतः घालतात ते गालावरच पडतात. मी शाळेत असते. तुझं ऑफिस जवळ आहे. दीड वाजता येऊ शकशील? रोज यावं लागेल. मधेच सोडायचं असेल तर आत्ताच सांग."

"येते," मी म्हणाले.

ते चालू आहे त्याला आता वर्ष होत आलं. दीड वाजता जाते, हात धुते, काका मान मागे टाकतात, एकेका डोळ्यात एकेक थेंब. मग पाच मिनिटं त्यांनी डोळे मिटून बसायचं असतं. त्यांचा माझ्यावर राग नाही, आणि तेच मला जड जातं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी लॅपटॉप आणायला लावला. उजव्या डोळ्याच्या उरलेल्या तुकड्यात त्यांना एका वेळी गुराबेचं शीड दिसतं, नाही तर नाळ. दोन्ही मिळून दिसत नाही. थोडा वेळ मान इकडेतिकडे करून त्यांनी बघितली. मग म्हणाले, "छान झाली. बंद कर आता, डोळे दुखतात." पुन्हा कधी मागितली नाही.

परवा मी थेंब घालत असताना ताई शाळेतून लवकर आली. दारात उभी राहून बघत होती. "बाटली पापणीला टेकवू नकोस," म्हणाली. मी हात थोडा वर घेतला. ती आत गेली, भांड्यांचा आवाज आला, मग पुन्हा बाहेर आली.

"उद्या मला सुट्टी आहे. येऊ नकोस."

"बरं."

मी पायांत चपला घालत होते. ती दाराशी आली आणि म्हणाली, "परवा ये."