सून भागली जी!

दवाखान्यात कापूस संपतो, गोळ्या संपतात. किस्से तेवढे साचत जातात. नव्वदच्या दशकात मी भामरागडकडच्या एका छोट्या दवाखान्यात सिस्टर होते. तिथले माझे निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत: भागणे!

*

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारा धापा टाकत आला. "बाई, सून भागली जी, तलावाजवळ!"

आमचे ड्रायव्हर रहीमभाई राजुऱ्याचे, घरात हिंदी. त्यांच्या लेखी भागली म्हणजे पळाली. म्हाताऱ्याला जीपमध्ये घालून ते थेट बसस्टँडवर!

शेवटी सून सापडली ती तलावाच्या पाळीवर, बांधावरच. सातवा महिना, मोळी उतरवून बिचारी थकून, म्हणजेच भागून, दम खात बसलेली. रहीमभाई म्हाताऱ्यावर तडकले, "स्टँडवर बोलले काऊन नाई?"

"मले वाटलं, डाक्टर बसनं येते, त्याले घ्याले चालले तुमी!"

*

डॉक्टर कोल्हापूरकडचे. तापातून उठलेल्या एका रिटायर्ड गुरुजींनी त्यांना सांगितलं, "साहेब, भागणं हे 'भग्न'वरून आलं. भागला म्हणजे आतून मोडला."

डॉक्टरांनी ते वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी धानाच्या रोवण्यावरून, म्हणजे भातलावणीवरून, एक आजी आली. "लई भागली जी."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे केली. "काय मोडलं, आजी?"

आजी खुदकन हसली. "मोडाले फुरसत कुठी हाये!"

*

एकदा पुरामुळे मी आणि रहीमभाई एका गोंडाच्या घरी अडकलो. गंजात, म्हणजे पातेल्यात, भात थोडासाच. घरच्या बाईनं आधी आम्हांला वाढलं.

"आन् तुमाले?" मी विचारलं.

"भागते जी. सगळ्यायचं भागते."

पुरण्यालाही तोच शब्द! रहीमभाई खाली मान घालून जेवले.

*

आणि सोमाभाऊ ढिवर. म्हातारा, तलावात मासे धरणारा. त्या पावसाळ्यात नदीपलीकडे एक बाई बाळंतपणात अडली होती. पूर बघून सगळे मागे सरले. सोमाभाऊंनी आपला डोंगा, लहानशी होडी, काढला, मला पलीकडे नेलं, तिला घेऊन आले. डोंग्यात तिघंच मावायचे.

बाळंतपण सुखरूप झालं. पोरगी झाली!

बाहेर येऊन पाहते तर सोमाभाऊंना चहाचा गिलास धरवेना. रहीमभाई बशीनं त्यांना चहा पाजत होते.

"भाऊ, भागले तुमी. आता आडवे व्हा," मी म्हटलं.

"बाई, पट्टी द्या जराशी."

"कुठं लागलं?"

"लागलं नाई. मूठ वळून नाई राह्यली. वल्हं हाताले बांधाचं हाये." ते नदीकडे बघत उठले. "पोरीचा बाप तिकडंच राह्यला ना!"