केवलरामची सुटलेली गाठ

केवलराम पिशवीला नेहमी दोन गाठी मारायचा आणि वर ओढून पाहायचा. सून नीतू हसायची, पण त्यामागचं दुखणं जुन्या दंडारवाल्यांनाच ठाऊक होतं.

तीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याकडून भिलाईच्या पोलाद प्लांटात आलेल्या कामगारांनी दंडार, म्हणजे गावाकडच्या लोकनाट्याची मंडळी, उभी केली, तेव्हा ढोलकी केवलरामची असायची, वडिलांनी दिलेली. एकदा राजनांदगावहून परतताना ट्रकवर ती त्यानंच बांधली. भिलाईत उतरवायला गेले तर ढोलकी नाही. "गाठ सुटली, रस्त्यात पडली असंल," मागं बसलेला शालिकराम म्हणाला. गाववाला माणूस, त्याच्यावर कोण संशय घेणार? केवलरामनं आठ दिवस सायकलवर तो रस्ता पालथा घातला. मग ढोलकीला पुन्हा हात लावला नाही. त्याच्या जागी शालिकराम वाजवू लागला.

बाकीच्यांनी टोमणे मारले, शालिकरामनं मात्र कधी नाही. "जाऊ दे ना, माफ केलं तुले," म्हणायचा. त्या माफीपायी केवलराम दर पोळ्याला पहिली पुरणपोळी त्याच्या घरी पोचवायचा.

परवा नीतूनं त्याला वाद्यांचं आणि नाटकांचं नवं संग्रहालय दाखवायला नेलं. जुने पडदे, मुकुट, पेट्या पाहत तो एका कपाटापाशी थबकला. काचेआड ढोलकी होती. दोरीत पितळी कड्या आणि एका कडीच्या जागी लोखंडी वॉशर. तो त्यानंच ओवला होता.

"मामाजी, पाटीवर शालिककाकांचं नाव आहे," नीतू कौतुकानं म्हणाली. "वडिलोपार्जित ढोलकी, त्यांनी भेट दिली."

केवलरामला संताप आला. त्याहून जास्त लाज वाटली, इतकी वर्षं या माणसाचे उपकार मानल्याची. चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात. हा तर वर दयाळूही निघाला.

संध्याकाळी शालिकराम रोजच्यासारखा केवलरामच्या स्मृति नगरातल्या घरी चहाला आला.

"माही ढोलकी पाहून आलो," केवलराम म्हणाला.

शालिकरामचा कप हातातच राहिला. "माळ्यावर कुजून राहिली होती रे. तुहे गुडघे दुखतात, तू तिथं जाशील असं वाटलं नाही."

"ढोलकीचं राहू दे. वाजवायची हौस होती, नेली. पण मले सांग, माफ कायचं केलं होतं?"

शालिकरामनं चहा तसाच ठेवला आणि चपला घातल्या. केवलरामनं त्याला थांबवलं नाही.

आता तो पिशवीला एकच गाठ मारतो. ओढून पाहत नाही.